खाडीचा दस्तूर

श्री देव रवळनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार सुरू असताना गाभाऱ्यामागील जुन्या भिंतीचा गिलावा उतरविण्यात आला, त्या वेळी चुन्यात अर्धवट भाजलेल्या शिंपल्यांचे तुकडे अनेकांनी पाहिले. मुलांनी ते वेचून घरी नेले. वडीलधाऱ्या मंडळींना मात्र त्यात नवल वाटले नाही. कोकणात जांभा भरपूर, पण चुनखडीचा दगड दुर्मिळ. म्हणून देवळे, घरे आणि विहिरी यांना लागणारा चुना पूर्वी खाडीतल्या व समुद्रकाठच्या शिंपल्या भट्टीत भाजून तयार करीत. ज्या खाडीने पिढ्यान्‌पिढ्या गावाला जेवू घातले, तिनेच देवाच्या घराच्या भिंतीही सांधल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आज देणगीदारांच्या उदार हातांनी मंदिर नवे होत आहे. त्या निमित्ताने ह्या खाडीचा आणि तिच्या दस्तुराचा इतिहास नव्या पिढीपुढे ठेवणे उचित ठरेल. कारण हा दस्तूर कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेला नाही. तो बायामाणसांच्या तोंडी राहिला आणि तोंडचे शब्द मागे पडले की त्यांच्याबरोबर तोही पुसला जातो.

प्रथम नावे पाहू. पुस्तकात सर्वांना मिळून ‘शिंपले’ म्हणतात, पण खाडीकाठच्या माणसाचे एवढ्या एका शब्दाने भागत नाही. वाळूमिश्रित चिखलात उथळ पुरलेली, अंगावर नक्षी असलेली ती तिसरी. हिलाच उत्तरेकडे मुंबई-रायगडच्या बाजूस शिवली म्हणतात, तर कित्येक गावांत अशाच शिंपल्यांना मुळे हे नाव आहे. गोड्या पाण्याच्या अंगाला चिखलात सापडणारे, फुगीर पाठीचे ते खुबे. खडकाला किंवा कांदळाच्या मुळांना कायमचे चिकटून बसते ते कालव. आणि लाटांच्या माऱ्यातल्या खडकावर आपल्याच अंगच्या धाग्यांनी घट्ट धरून राहतात ते हिरवट काळे शिनाणे.

प्रत्येक नावात जागा सांगितलेली आहे आणि काढण्याची रीतही. तिसरी हाताने चाचपून वाळूतून काढायची. कालव खडकावरच कोयतीच्या टोकाने फोडून आतला गर वाटीत घ्यायचा. शिनाणे उपटून आणायचे. ज्याला नाव ठाऊक, त्याला ती वस्तू कोठे, केव्हा आणि किती घ्यावी हेही ठाऊक असे. स्वयंपाकघरात तिसरीची एक शिंपी टाकून गरासह दुसरी ठेवली की तिची ‘एकशिपी’ होते. बाजारात वाटे लावून किंवा शेकड्याच्या हिशेबाने विक्री होई. असे हे खाडीचे स्वतंत्र शब्दभांडार आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पंचांग जसे भटजींना लागते तसेच ते खाडीत उतरणाऱ्या बाईलाही लागते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर मंदावतो, त्याला भांग म्हणतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची घटका अदमासाने कळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीबाईंनाही तोंडपाठ असे. उधाणाच्या ओहोटीला खडक आणि वाळूचे दांडे उघडे पडत व सकाळी किंवा सायंकाळी बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरत. भांगाच्या दिवसांत पाणी पुरते हटत नसे, म्हणून खोल जागा आपोआप सुटत. पंधरवड्यातून काही दिवस खाडीला अशी विश्रांती मिळे.

आता दस्तुराकडे येऊ. पहिला दस्तूर पावसाळ्याचा. मृगाचा पाऊस लागला की खाडीला गढूळ लोंढा येतो, पाण्यातले मीठ उतरते, तिसऱ्या आणि कालवे रोडावतात आणि काही मरूनही जातात. पुढे श्रावणात पुष्कळ घरी मत्स्याहार वर्ज्य असतो. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यानंतरच दर्यावर जाण्याचा प्रघात होता. धर्माने सांगितलेला हा संयम आणि निसर्गाची गरज यांचा मेळ आपल्या पूर्वजांनी कसा घातला होता, हे यावरून दिसते.

दुसरा दस्तूर लहानांना सोडण्याचा. बोटाच्या पेराहून लहान तिसरी टोपलीत आली तर ती तिथेच वाळूत परत टाकायची. तिसरा दस्तूर जागा पालटण्याचा. एका दांड्यावरून काढले की पुढच्या उधाणाला दुसरा दांडा पाहायचा. चौथा दस्तूर असा की कालवाचा वरचा शिंपला फोडून गर घ्यावा, पण खडकाला चिकटलेला खालचा शिंपला खरवडू नये. कालवाचे नवे बीज जुन्या शिंपल्यावर सहज धरते, हे आज शास्त्रज्ञही सांगतात. पाचवा दस्तूर घरातला. आणलेल्या तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू ओकू द्यायची आणि मगच विळीवर घ्यायच्या. शिंपल्यातला जीव पाणी गाळून अन्न घेतो, त्यामुळे पाण्यातली घाणही त्याच्या अंगी साठते. म्हणून घाण पाण्याच्या जागचा शिंपला कोणी घरी आणीत नसे.

हा दस्तूर पाळला जाई तो कोणाच्या धाकाने? दक्षिण कोकणात गावऱ्हाटी आहे. मानकरी आहेत, देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची आणि कौल घेण्याची रीत आहे. गावातले तंटे देवाच्या साक्षीने मिटत. देवाच्या नावाने पाणी राखल्याची उदाहरणे कोकणात अन्यत्रही आहेत. महाड तालुक्यातील वाळण कोंडीतील मासे देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना धरीत नाही. शेजारच्या गोव्यात खाजणाच्या बांधाला जी पाण्याची दारे असतात त्यांना मानस म्हणतात. तेथील मासळीचा हक्क पावणी करून देण्याची व त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करण्याची पद्धत होती. पाण्याचे उत्पन्न सर्वांचे आणि त्याची राखणही सर्वांनी करायची, हे त्यामागचे तत्त्व होते.

आपल्याकडेही खाजणाला बांध घालून, खारे पाणी अडवून भातशेती करण्यात आली. बांधाच्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. १९४८ साली मुंबई राज्याने खारभूमीचा कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा झाला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ह्या सर्व कायद्यांत जमिनीचा विचार आहे, बांधाचा आहे, भाताचा आहे. परंतु बांधाबाहेरच्या चिखलात ओणव्याने तिसऱ्या काढणाऱ्या बाईचा उल्लेख त्यांत सापडत नाही.

कागदाची बाजू स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे नद्या, खाड्या आणि भरतीरेषेखालची जमीन शासनाच्या मालकीची आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर भात लिहितात, आंबा लिहितात, काजूची कलमे लिहितात. तिसऱ्यांचा दांडा कोणी लिहीत नाही. मालकी सरकारची, वहिवाट गावाची आणि नोंद कोठेच नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून बाहेरचा कोणी येऊन विचारू लागला की ‘तुमचा हक्क दाखवा’, तर दाखवायला गावाजवळ कागद नसतो.

लेखी नियम आलेच नाहीत असे मात्र नाही. १८९७ च्या इंग्रजी अमदानीतील मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके किंवा विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. १९८१ साली, ज्या वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि २०२१ साली त्यात सुधारणा झाली. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना पावसाळ्यात ६१ दिवसांची बंदी ठरली. नारळी पौर्णिमेच्या जुन्या रिवाजाचेच हे लेखी रूप म्हणावे लागेल. पण हे नियम मुख्यत्वे होड्यांचे आणि जाळ्यांचे आहेत. हाताने वेचणाऱ्यांसाठी गावचा दस्तूर हाच कायदा राहिला.

पुढे १९९० नंतरच्या दशकात कोळंबीचे तलाव आले. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर तर शेतेच्या शेते खणली गेली. रोगाने पीक बसले आणि आसपासची विहिरीची पाणी खारी झाल्याच्या तक्रारी झाल्या. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत महत्त्वाचा निर्णय दिला. त्यानंतर २००५ साली किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला व भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आतील तलावांना नोंदणी सक्तीची झाली. २०२३ च्या सुधारणेने शिंपल्यांची शेती, समुद्रशेवाळाची शेती, पिंजऱ्यातील मत्स्यशेती असे प्रकारही त्या कायद्याच्या कक्षेत आले.

शिंपल्यांची ही शेती आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला आणि त्यानंतर सिंधुदुर्गातील खाड्यांत महिलांच्या गटांनी कालवे व शिनाणे वाढविण्याचे प्रयोग केले. रीत सोपी आहे. पावसाळ्यानंतर खडकावर बसलेले शिनाण्यांचे बारीक बी आणायचे, ते दोरीभोवती सुती कापडात गुंडाळायचे आणि ती दोरी तराफ्याला किंवा बांबूच्या मांडवाला टांगायची. कापड कुजेपर्यंत शिनाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोरी धरलेली असते. पाच-सहा महिन्यांत, पुढचा पाऊस लागण्यापूर्वी, ते काढणीस येतात. यांना खाद्य घालावे लागत नाही, खाडीचे पाणी हेच त्यांचे खाद्य. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आपल्या दाराशी आहेत. त्यांच्या सल्ल्याने गावच्या भगिनींना घरबसल्या चार पैसे मिळू शकतील.

परंतु ज्या पाण्यावर ही शेती उभी राहायची ते पाणीच राहिले नाही तर? यंत्राने वाळू उपसली की तिसऱ्यांचा दांडा वाळूबरोबर निघून जातो आणि वर्षानुवर्षे भरून येत नाही. कांदळ तोडले की कालवाची जागा गेली. दारात टेम्पो उभा राहून वजनावर पैसे मोजू लागला की लहान-मोठे न पाहता सर्व टोपलीत जाते. बोटाच्या पेराचे माप सांगणारी सासू राहिली नाही आणि सून कामासाठी मुंबईला गेली, मग माप सांगावे कोणी आणि ऐकावे कोणी?

ह्यावर उपाय नाही असे नाही. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाची मोठी खाडी आहे. तेथे तिसऱ्यांची निर्यात सुरू झाल्यावर अतोनात काढणी झाली आणि पीक घसरले. १९९३ पासून तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हे विणीचे तीन महिने काढणी बंद ठेवण्यात आली, जाळ्याच्या आसाचे माप ठरले, लहान शिंपले काढण्यास मनाई झाली. काढणाऱ्यांनी ते मनापासून पाळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ह्या खाडीच्या तिसऱ्यांना टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. ठरावीक काळाची विश्रांती, लहानांना जीवदान, मापाची मर्यादा हे आपल्याच आजीचे नियम. त्यांनी ते कागदावर आणून एकजुटीने पाळले, इतकेच.

आपल्यालाही तसे करता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ह्या नोंदवहीत तिसऱ्यांचे दांडे कोठे, खुब्यांचा चिखल कोणता, कालवाचे खडक किती, कोणत्या महिन्यात काय सोडावे, ही माहिती जुन्या नावांसह उतरवून घेता येते. गावातील वृद्ध भगिनींना समितीने मानाने बोलावून, त्यांच्या तोंडून हे लिहून घ्यावे. त्यावर ग्रामसभेचा ठराव व्हावा. सात-बारावर ज्याला जागा मिळाली नाही, त्याला निदान येथे तरी जागा मिळेल. हे काम लवकर व्हावयास हवे, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

नव्या मंदिराला सिमेंट लागले. शिंपल्यांच्या चुन्याची भट्टी आता कोणी पेटवीत नाही, आणि त्याबद्दल खंत करण्याचेही कारण नाही. देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जात आहेत हे योग्यच आहे. त्या जुन्या भिंतीसाठी टोपल्या भरभरून शिंपल्या वाहणाऱ्या अनाम बायांची नावे मात्र कोठेच नाहीत. त्यांनी राखलेली खाडी पुढच्या पिढीच्या हाती भरलेली देणे, हीच त्यांची शिळा.

देवळाचा जीर्णोद्धार झाला, आता दस्तुराचाही व्हावा, अशी बुद्धी सर्व ग्रामस्थांना लाभो, हीच श्री देव रवळनाथाच्या चरणी प्रार्थना.