‘डॉक्टर हू’चा वनवास

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि ६ डिसेंबर १९८९ रोजी ‘सर्व्हायव्हल’ या कथेच्या अखेरच्या भागानंतर थांबली. नियमित मालिका म्हणून ती परतली २६ मार्च २००५ रोजी. मधल्या पंधरा वर्षांत ती चाहत्यांनी जिवंत ठेवली: त्यांनी तिच्या कादंबऱ्या लिहिल्या, श्राव्यनाटके बसवली, जुने भाग शोधून काढले. परतलेल्या मालिकेकडून या मंडळींच्या काय अपेक्षा होत्या, त्यांतल्या कोणत्या पुऱ्या झाल्या आणि कोणत्या जाणूनबुजून बाजूला ठेवल्या गेल्या, हा दूरचित्रवाणीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धडा आहे.

मालिकेची कल्पना बीबीसीच्या नाट्यविभागाचे कॅनडियन प्रमुख सिडनी न्यूमन यांच्या पुढाकाराने आकाराला आली. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन केले लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. पोलिसांच्या निळ्या टेलिफोनपेटीसारखे दिसणारे ‘टॅरडिस’ हे यान घेऊन काळात आणि अवकाशात भटकणारा ‘डॉक्टर’ नावाचा एक परग्रहवासी, एवढाच तिचा सांगाडा. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा कर्त्यांनी नायकाचाच कायापालट करायचे ठरवले. जुना देह टाकून डॉक्टर नव्या देहात उठला आणि पॅट्रिक ट्राउटन हे दुसरे डॉक्टर झाले. पुढच्या साऱ्या प्रतीक्षेचे बीज या निर्णयात आहे. ज्या कथेत नायकाचे मरण म्हणजे नव्या नटाचे आगमन, ती कथा कायमची संपली असे तिच्या चाहत्याला कधीच वाटत नाही.

चाहत्यांची स्मृती घडली तीही विलक्षण परिस्थितीत. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीने जुन्या भागांच्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या काळातले अनेक भाग त्यात नाहीसे झाले. घरी व्हिडिओ नव्हता, पुनःप्रसारण क्वचित होई. त्यामुळे मुलांनी मालिका जपली ती दोन मार्गांनी. टार्गेट प्रकाशनाच्या छोट्या कादंबऱ्यांतून ती वाचली गेली. यांतल्या कितीतरी कादंबऱ्या मालिकेचेच पटकथाकार टेरन्स डिक्स यांनी लिहिल्या होत्या. आणि काही जणांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भागांचा आवाज नोंदवला. या घरगुती नोंदींमुळेच आज प्रत्येक हरवलेल्या भागाचा निदान ध्वनी तरी शिल्लक आहे. न पाहिलेली किंवा एकदाच पाहिलेली कथा मनात मोठी होत जाते, आणि मालिकेच्या ‘सुवर्णकाळा’बद्दलच्या पुष्कळ समजुती अशा वाढल्या. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही हरवलेली कथा हाँगकाँगमध्ये सापडून १९९२ मध्ये व्हिडिओवर आली, तेव्हा आठवण आणि वस्तू शेजारी ठेवून पाहण्याची संधी एका अख्ख्या पिढीला प्रथमच मिळाली.

मालिका बंद पडण्याची चाहूल १९८५ मध्येच लागली होती. बीबीसी-१ चे नियंत्रक मायकेल ग्रेड यांनी पुढचा हंगाम लांबणीवर टाकला आणि अठरा महिन्यांचा खंड पडला. वर्तमानपत्रांत ओरड झाली, चाहत्यांनी पत्रांचा मारा केला, ‘डॉक्टर इन डिस्ट्रेस’ नावाची निषेधाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. सप्टेंबर १९८६ मध्ये मालिका परतली ती चौदा भागांच्या एका सलग कथेने, आणि त्या कथेत डॉक्टरवरच खटला भरलेला होता. पडद्यामागे मालिकेचे जे चालले होते, तेच पडद्यावर दिसत होते. पाठोपाठ तेव्हाचे डॉक्टर कॉलिन बेकर यांना भूमिकेवरून दूर करण्यात आले. नंतरच्या तीन हंगामांत सिल्व्हेस्टर मॅकॉय यांच्या डॉक्टरला ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या देशातल्या अतिलोकप्रिय मालिकेच्या वेळेवर उभे केले गेले. प्रेक्षकसंख्या घसरली यात नवल नव्हते. १९८९ नंतर बीबीसीने मालिका संपल्याचे स्पष्ट सांगितले नाही. ती परत येईल, असेच बीबीसी म्हणत राहिली. नकारापेक्षा हे अर्धवट आश्वासन जास्त क्लेशदायक होते, कारण त्याने आशा सोडून देण्याची मुभाही ठेवली नाही.

या काळाला ब्रिटिश चाहते वनवासच म्हणतात. त्यातले सर्वांत मोलाचे काम कादंबऱ्यांनी केले. व्हर्जिन प्रकाशनाने १९९१ पासून ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही माला सुरू केली आणि १९८९ मध्ये जिथे कथा थांबली तिथून डॉक्टरचा प्रवास पुढे नेला. आधी काहीही प्रसिद्ध न झालेल्या लेखकांनाही या प्रकाशनाने दार उघडे ठेवले, आणि हे धोरण दूरदृष्टीचे ठरले. पॉल कॉर्नेल, मार्क गेटिस यांसारखे तरुण चाहते इथे कादंबरीकार झाले. कॉर्नेल यांच्या १९९५ च्या ‘ह्यूमन नेचर’मध्ये डॉक्टर स्वतःची ओळख विसरून पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर एका शाळेत सामान्य शिक्षक म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. १९९६ मध्ये याच मालेत ‘डॅमेज्ड गुड्स’ ही कादंबरी आली. तिचे लेखक होते रसेल टी. डेव्हिस. १९९९ पासून ‘बिग फिनिश’ कंपनीने जुन्या नटांना घेऊन श्राव्यनाटके काढायला सुरुवात केली. मुलांसाठीची मालिका म्हणून जिची हेटाळणी झाली, तिच्यात दुःख, वासना, युद्ध, वर्गभेद यांना जागा आहे, हे या लेखकांनी सिद्ध केले. साहजिकच चाहत्यांच्या अपेक्षाही बदलल्या. मालिका परत यावी, याबरोबरच ती आता आपल्याबरोबर वयाने वाढलेली असावी, असे त्यांना वाटू लागले.

पहिला पुनरागमनाचा प्रयत्न मे १९९६ मध्ये झाला. निर्माते फिलिप सीगल स्वतः या मालिकेवर प्रेम करणारे. बीबीसी, युनिव्हर्सल आणि अमेरिकेची फॉक्स वाहिनी यांच्या भागीदारीत व्हँकुव्हरला एक दूरचित्रपट चित्रित झाला. चाहत्यांची यादी समोर ठेवूनच तो बेतलेला वाटतो: सुरुवातीला मॅकॉय यांचा डॉक्टर, मग कायापालट, मग पॉल मॅगॅन यांचा आठवा डॉक्टर, शिवाय जुना वैरी मास्टर, डालेक या जुन्या शत्रूंचा ग्रह स्कारो, डॉक्टरच्या जातीच्या, म्हणजे टाइम लॉर्डांच्या, तंत्रज्ञानाचे उल्लेख. ज्याला हे सारे ठाऊक होते त्याला भरून आले. ज्याला ठाऊक नव्हते त्याच्यावर पहिल्या काही मिनिटांतच अनोळखी नावांचा वर्षाव झाला. ब्रिटनमध्ये नव्वद लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला, पण पैसा आणि पुढचा निर्णय अमेरिकेत होता आणि तिथे प्रेक्षक अपेक्षेएवढे आले नाहीत. मालिका झाली नाही. चाहत्यांत मात्र दोन गोष्टींवर वर्षानुवर्षे वाद चालला: डॉक्टर अर्धा मानव असल्याचे विधान आणि त्याने घेतलेले चुंबन. मॅगॅन यांच्या अभिनयाबद्दल वाद नव्हता. तो डॉक्टर एवढाच दिसावा याची हळहळ होती.

२६ सप्टेंबर २००३ रोजी बीबीसीने पुनरागमनाची घोषणा केली. बीबीसी-१ च्या नियंत्रक लॉरेन हेगेसी यांनी हट्टाने हक्कांचा गुंता सोडवला होता. निर्मिती कार्डिफला, बीबीसी वेल्समध्ये ज्युली गार्डनर यांच्या देखरेखीखाली होणार होती आणि मुख्य लेखक होते डेव्हिस. ‘क्विअर ॲज फोक’ या १९९९ च्या मालिकेत त्यांनी ‘डॉक्टर हू’चा भक्त असलेले एक प्रमुख पात्र रंगवले होते, त्यामुळे त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती. शंका बाकी सगळ्याबद्दल होती. पंचवीस मिनिटांचे भाग आणि प्रत्येकाच्या शेवटी टांगणीला लावणारा प्रसंग ही जुनी घडण जाऊन पंचेचाळीस मिनिटांच्या, बहुतेक स्वयंपूर्ण कथा येणार होत्या. सहनायिका रोझच्या भूमिकेत बिली पायपर ही पॉपगायिका होती. २००४ च्या उन्हाळ्यात डालेकांचे निर्माते टेरी नेशन यांच्या वारसांशी बोलणी फिसकटली, तेव्हा डालेकांविना ‘डॉक्टर हू’ कसला, असा आक्रोश झाला. तडजोड काही आठवड्यांत झाली. प्रसारणाआधी पहिला भाग इंटरनेटवर फुटला आणि चर्चेला आणखी धार आली.

डेव्हिस यांचे कौशल्य पहिल्या भागाच्या रचनेत दिसते. ‘रोझ’ सुरू होतो लंडनमध्ये आईबरोबर राहणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीपासून. डॉक्टर तिला भेटतो तेव्हाच प्रेक्षकाला भेटतो. कायापालट दाखवलेला नाही. ख्रिस्तोफर एक्लस्टन यांचा डॉक्टर आरशात आपला चेहरा न्याहाळतो, तेवढ्यावर जाणकाराने ओळखून घ्यायचे. खलपात्रे १९७० पासूनची, प्लॅस्टिकचे चालते पुतळे, पण ती समजायला १९७० आठवावे लागत नाही. इतिहासाचे सारे ओझे एका युद्धात जाळून टाकलेले आहे: डॉक्टरचा ग्रह नष्ट झाला आणि तो आपल्या जातीतला शेवटचा उरला, एवढे दुसऱ्या भागात कळते. त्या ग्रहाचे गॅलिफ्रे हे नाव नव्या मालिकेत उच्चारले गेले ते थेट २००६ च्या नाताळात. कोट्यवधी नव्या प्रेक्षकांसाठी जुन्या चाहत्यांना थोडे थांबवून ठेवण्याचा हा निर्णय धाडसाचा होता आणि १९९६ च्या अपयशावरचे ते अचूक उत्तर होते. पहिला भाग १ कोटी ८ लाख लोकांनी पाहिला. चारच दिवसांत एक्लस्टन एका हंगामानंतर सोडणार असल्याची बातमी आली, आणि नव्या प्रेक्षकांना कायापालटाचा पहिला अनुभव जूनमध्ये डेव्हिड टेनंट यांच्या रूपाने मिळाला.

त्या पहिल्या हंगामाची लेखकांची यादी लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. तेरा भाग पाच जणांनी लिहिले: डेव्हिस, गेटिस, कॉर्नेल, रॉबर्ट शिअरमन आणि स्टीव्हन मॉफट. पहिल्या तिघांनी वनवासातल्या कादंबऱ्या लिहिलेल्या. शिअरमन यांचा ‘डालेक’ हा भाग त्यांच्याच ‘जुबिली’ या श्राव्यनाटकातून उगवलेला. मॉफट यांनी १९९९ मध्ये कॉमिक रिलीफ या धर्मादाय कार्यक्रमासाठी डॉक्टरवर विनोदी कथा लिहिली होती. वयाने वाढलेल्या मालिकेची अपेक्षा या मार्गाने पुरी झाली. २००७ मध्ये ‘ह्यूमन नेचर’ टेनंट यांच्यासाठी दोन भागांत रूपांतरित झाली आणि आजही ती नव्या मालिकेतल्या सर्वोत्तम कथांत मोजली जाते.

जुन्या मागण्याही टप्प्याटप्प्याने मान्य होत गेल्या. २००६ मध्ये डॉक्टरची जुनी सोबतीण, एलिझाबेथ स्लेडन यांची सारा जेन परतली, २००७ मध्ये मास्टर आला. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, सात मिनिटांच्या ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’मध्ये मॅगॅन पुन्हा दिसले. त्यांच्या डॉक्टरने मरण्यापूर्वी बिग फिनिशच्या श्राव्यनाटकांतल्या आपल्या सोबत्यांची नावे घेतली. वर्षानुवर्षे फक्त ऐकले गेलेले ते सोबती त्या क्षणी दूरचित्रवाणीच्या कथेचा भाग झाले.

डेव्हिस २०२३ मध्ये डिस्नेच्या भागीदारीसह पुन्हा मालिकेकडे आले. मे २०२५ च्या अखेरच्या भागात शूटी गाटवा यांच्या डॉक्टरचा कायापालट झाला आणि त्या जागी बिली पायपर यांचा चेहरा दिसला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेची भागीदारी संपल्याचे बीबीसीने सांगितले आणि २०२६ च्या नाताळासाठी डेव्हिस लिहीत असलेल्या विशेष भागाची घोषणा केली.