पायरीच्या अलीकडे

दिवाळीचा पाडवा झाला की दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. आपल्या घरांतले फराळाचे डबे अजून रिते व्हायचे असतात, आणि तिकडे भीमेच्या वाळवंटात दिंड्या उतरू लागतात. भीमा तेथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून पंढरपुरात तिला चंद्रभागा म्हणायचे. या गावाचे क्षेत्रपण किती जुने? होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ सालच्या शिलालेखात या क्षेत्राचा उल्लेख आहे. पुढे १२७३ ते १२७७ या काळात देवळाला दाने देणाऱ्यांची नावे एका शिळेवर कोरली गेली. रामदेवराव यादव आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांची नावेही तीत आहेत. त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेपायी ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी गुळगुळीत झाली. ज्ञानेश्वरी पुढे १२९० मध्ये सिद्ध झाली. देऊळ तिच्याही आधीचे.

या क्षेत्राची मूळ कथाच मोठी विलक्षण आहे. देव भेटीला आला, तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने मागे वळून वीट फेकली आणि सांगितले, थांब. देव थांबला. इतरत्र भक्त देवासाठी ताटकळतो. येथे देवच कमरेवर हात ठेवून भक्तासाठी उभा आहे. सेवा आधी, पूजा मग, हा पंढरीचा पहिला धडा.

पण इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला कथा सांगून सुटका नसते. कथेत देव थांबला हे खरे. इतिहासात मात्र माणसे थांबली, आणि तीही दाराबाहेर.

मंगळवेढ्याचा चोखामेळा जातीने महार. गावाची पडेल ती कामे करावी, मुखाने विठ्ठलाचे नाव घ्यावे, पंढरीला यावे आणि देवळाबाहेरूनच माथा टेकून परतावे. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा या साऱ्यांनी अभंग रचले. सबंध घरच कवींचे! १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडला गेला. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली, असे परंपरा सांगते. ती पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांनी आपल्यासाठी मागून घेतली ती देवळाची पायरी. गुरू पायरीत, शिष्य पायरीच्या अलीकडे. मेल्यावरही चोखोबा आत गेला नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. आपल्याकडे कष्टाचे कौतुक फार. सोन्याला मूस हवी, चंदनाला सहाण हवी, हे मीही फळ्यापुढे उभा राहून मुलांना सांगत आलो. ते खोटे नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरची वाट पावसाचिखलात चालणाऱ्या म्हातारीला विचारा. दिवेघाट चढताना तिच्या पायांतले गोळे आणि मुखातले नाम यांची कशी गाठ पडते, ते ती हसून सांगेल. २०२० साली साथीमुळे पादुका एसटीतून न्याव्या लागल्या, तेव्हा चालण्याचे कष्ट चुकले म्हणून वारकरी सुखावला नाही, तो हळहळला. कारण ते कष्ट त्याने स्वतः मागून घेतलेले होते.

चोखोबाचे कष्ट मागून घेतलेले नव्हते. ते लादलेले होते. त्या दुःखातून त्याने अभंग घडवले हा त्याचा मोठेपणा. दार लावणाऱ्यांचा त्यात वाटा नाही. दुसऱ्याच्या पायात काटा रुतवून वर त्याच्या सोशिकपणाची आरती गाणे, याला मी भक्ती म्हणणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरील आपला १९४८ मधला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहे. त्यांना चोखोबाची थोरवी दिसत होती, आणि बंद दारही दिसत होते.

ते दार उघडायला पुन्हा कष्टच लागले, पण निराळ्या जातीचे. साने गुरुजींना देवळात जायला कोणाचीच आडकाठी नव्हती. तरीही महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकमत जागवले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. गांधीजींनाही प्रथम ते पटले नव्हते. वैशाखाच्या उन्हात सुमारे दहा दिवस तो कृश माणूस अन्नावाचून राहिला, आणि हरिजनांना देऊळ खुले झाले. चोखोबाच्या मृत्यूपासून सहाशे नऊ वर्षे लोटली होती. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपले.

म्हणून मला वाटते, कष्टाला पुण्य म्हणण्याआधी एक विचारावे: हे कष्ट कोणाचे, आणि कोणासाठी? स्वतःहून उचललेले असतील तर ती साधना. दुसऱ्यासाठी उचललेले असतील तर ती प्रार्थनाच, मग ओठ हलोत वा न हलोत. आणि दुसऱ्यावर लादलेले असतील तर तो अन्याय. त्याला कितीही गोड अभंग फुटला तरी अन्यायच.

यंदा कार्तिकीला पंढरीस जाणे झाले तर महाद्वारापाशी घाई करू नका. नामदेवांच्या पायरीला हात लावण्यापूर्वी जरा मागे वळा. चोखोबाला आधी नमस्कार करा, आणि मग आत चला. विठोबाला थांबायची सवय आहे.