काटा, आकडा आणि यादी : रेडिओ केंद्राच्या शोधाचा इतिहास

१/ इंटरनेट रेडिओच्या ॲपमध्ये केंद्राचे नाव, देश किंवा भाषा लिहिली की क्षणात यादी समोर येते. या साध्या कृतीमागे मोठा इतिहास आहे. मुंबईत तर एकेकाळी गुप्त केंद्र चालवल्यापायी तरुणांना कारावास पत्करावा लागला. #थ्रेड

२/ जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर काचेची पट्टी असे. युरोपातील संचांवर लंडन, लक्झेंबर्ग, हिल्व्हरसम अशी नावे तिच्यावर छापलेली असत. बटण फिरवले की काटा त्या नावावर येई. पट्टीवर नसलेले केंद्र शोधायचे, तर तरंगलांबीचा आकडा ठाऊक असावा लागे.

३/ ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’चा ठराव होताच नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध होते, ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या हाती होता. अशा वेळी मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. त्याच्या सूत्रधारांपैकी उषा मेहता अवघ्या २२ वर्षांच्या होत्या.

४/ पेच असा, की केंद्र श्रोत्यांना सापडावे. पोलिसांना मात्र सापडू नये. म्हणून ४२.३४ मीटर हा आकडा उघडपणे सांगितला जाई, ठिकाण मात्र केवळ ‘भारतात कुठेतरी’.

५/ पण प्रक्षेपकाच्या लहरीच त्याचा ठावठिकाणा उघड करतात. दिशादर्शक अँटेनाने दोन ठिकाणांहून लहरींची दिशा मोजली, की दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे केंद्र! म्हणूनच या मंडळींना वारंवार जागा बदलावी लागली.

६/ १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात छापा पडला. उषा मेहतांना ४ वर्षांची शिक्षा झाली.

७/ स्वातंत्र्यानंतरही शोध थांबला नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे सरकारी रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली.

८/ आज काट्याची जागा माहितीकोशाने घेतली आहे. ‘रेडिओ ब्राउझर’सारख्या खुल्या कोशात केंद्राचे नाव, देश, भाषा या नोंदी लोकच भरतात. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहायचे राहिले, तर चालू असलेले केंद्रही त्या शोधात दिसत नाही. अशा वेळी शहराच्या नावाने शोधून पाहावे.

९/ २०१६ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या ‘रेडिओ गार्डन’ने तर पृथ्वीचा गोलच समोर ठेवला. पट्टीवरची शहरे ठिपक्यांच्या रूपाने परतली.

१०/ एक बदल मात्र ध्यानी घ्यावा. १९४२ मध्ये बोलणाऱ्याचा माग काढता येई. घरात कान लावून बसलेल्याचा माग लहरींवरून सहसा लागत नसे. इंटरनेटवर ऐकणाऱ्याच्या यंत्राचा पत्ता सर्व्हरपर्यंत पोहोचतो. शोध सोपा झाला, पण ऐकणारा पूर्वीसारखा अदृश्य राहिला नाही.