मुंबईतील संततिनियमन: रबरी टोपी ते नसबंदी

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधले केंद्रही त्याच वर्षीचे, म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. हे काम उघडपणे हाती घेतल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. ‘संततिनियमन: विचार व आचार’ हे त्यांचे पुस्तक १९२३ साली आले. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघू लागले आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चालले. लोकसंख्येचा आकडा हा कर्व्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. मूल केव्हा व्हावे, मुळात व्हावे की नाही, हे बाईला ठरवता आले पाहिजे आणि कामसुखामागची गर्भधारणेची धास्ती गेली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढे सरकारी कार्यक्रमाच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटत गेली.

त्या काळी डॉक्टरी सल्ल्याने वापरायचे मुख्य साधन म्हणजे रबराची टोपी. जर्मनीत मेन्सिंगा यांनी १८८० च्या सुमारास ती प्रचारात आणली आणि हॉलंडमध्ये डॉ. अलेटा याकोब्स यांनी ती सामान्य बायकांपर्यंत नेली. कडेला लवचीक तारेचे कडे असलेली ही उथळ वाटी बोटांनी चिमटून योनीत आत सरकवायची. आत गेल्यावर कडे उघडते, गर्भाशयाचे तोंड झाकले जाते आणि शुक्रजंतूंची वाट अडते. कडेने निसटणाऱ्या जंतूंसाठी टोपीला शुक्रजंतुनाशक मलम लावायचे. संबंधानंतर निदान सहा तास टोपी काढायची नाही, कारण योनीत शुक्रजंतू काही तास तग धरतात. प्रत्येकीचे माप वेगळे, म्हणून पहिल्या वेळी जाणकाराने माप घेऊन ती बसवून दाखवावी लागे. बाळंतपणानंतर माप पुन्हा घ्यावे लागे. या साधनाला नुसते दुकान पुरत नव्हते, केंद्र लागत होते, ते यासाठीच. एका खोलीच्या बिऱ्हाडात, सामायिक नळाच्या चाळीत ती धुऊन, वाळवून, कोणाच्या नजरेस न पडता ठेवणे ही मोठीच अडचण होती. मात्र नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेले असे साधन दुसरे फारसे नव्हते. कोको बटरमध्ये क्विनाइन घालून केलेल्या वड्या किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेला स्पंज ही साधने स्वस्त होती, पण तितकी भरवशाची नव्हती. रबरी पिशवी, म्हणजे आजचा निरोध, पुरुषाच्या हाती.

पाळीच्या हिशेबाने संबंध टाळण्याची पद्धत तर त्या वेळी चक्क उलटी शिकवली जाई. दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक, असे एकोणिसाव्या शतकातले बहुतेक डॉक्टर सांगत. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटते, म्हणजे सर्वाधिक धोका त्याच मधल्या दिवसांत असतो. तोवर डॉक्टरांचे ऐकून किती जणींना नको असताना दिवस गेले असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवता येत नाहीत, अशी बाजू त्यांनी मांडली, तरी कर्व्यांना दोनशे रुपये दंड झालाच. आंबेडकरांनी हा विषय पुढे कायदेमंडळातही नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यांचा भर ब्रह्मचर्यावर होता. अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, पण गांधीजींचे मत बदलले नाही. ब्रह्मचर्याचा हा आग्रह बायकांच्या कामी फारसा आला नाही, कारण संयमाचा निर्णय घरात त्यांच्या हाती क्वचितच असे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव, आवाबाई वाडिया आदींनी भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन केली आणि १९५२ मध्ये भारताने कुटुंब नियोजन सरकारी धोरणात घेतले. सुरुवात मात्र बिचकतच झाली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी, त्यामुळे पहिले प्रयोग दिवस मोजण्याच्या पद्धतीचे झाले. म्हैसूर राज्यातल्या रामनगरात आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. धोक्याचे आणि निर्धोक दिवस रंगांवरून ओळखायचे. प्रयोग फसला. पाळी सगळ्यांची सारखी नियमित नसते आणि मणी सरकवल्याने नवरा थांबत नाही.

१९६५ पासून गर्भाशयात बसवायचा प्लास्टिकचा लूप आला. घाईने लूप बसवले, नंतरच्या तपासणीची सोय पुरेशी केली नाही. रक्तस्रावाच्या तक्रारींनी लूप बदनाम झाला. नंतरची तांबी यापेक्षा पुष्कळ चांगली: तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात आणि एकदा बसवली की काही वर्षे पाहावे लागत नाही. लूपच्याच सुमारास पुरुष नसबंदीवर जोर आला. त्यात शुक्रवाहिनी कापून बांधतात. वीर्य येते, पण त्यात शुक्रजंतू नसतात. आधीचे साठलेले जंतू निघून जाईपर्यंत सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. काम काही मिनिटांचे, म्हणून १९६७ पासून डॉ. डी. एन. पै यांनी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरही नसबंदीची केंद्रे चालवली.

सोयीची ही शस्त्रक्रिया आणीबाणीत सक्तीचे हत्यार बनली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांत पुरुषांच्याच जास्त होत्या. त्यानंतर पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडले. बीजवाहिनी बंद करण्याची, पोट उघडावे लागणारी शस्त्रक्रिया बायकांच्या वाट्याला आली. ‘ऑपरेशन’ म्हटले की घरोघरी तीच समजली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदी झालेल्या होत्या, तर पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के.