मालकाची निय्यत

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीत चिखलात फुटबॉल खेळणारी पोरे पाहत उभा होतो. माझ्या भाच्याच्या अंगात आकाशी रंगाची जर्सी होती, मँचेस्टर सिटीची. सहज विचारले, एवढे क्लब असताना हाच का? तो म्हणाला, "मामू, हा आपल्या शेखचा क्लब आहे ना!"

'आपल्या' या शब्दापाशी मी अडलो. अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांनी २००८ साली हा क्लब विकत घेतला. २०१९ मध्ये त्यांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्या मुंबई सिटी एफसीचाही ६५ टक्के हिस्सा घेतला. पण त्यामुळे तो क्लब भाच्याचा कसा झाला? श्रीमंत माणूस क्लब घेतो तो कशासाठी? कर्माची किंमत निय्यतीवर ठरते, हे आपल्याला मदरशाच्या पहिल्या इयत्तेपासून शिकवतात. मग मालकांची निय्यतही तपासायला हवी. त्यासाठी मला एकच गाव पुरेसे वाटते, इंग्लंडमधले ब्लॅकबर्न.

या गावाचा आणि आपल्या घाटाचा जुना संबंध आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मग हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस तिकडे जाऊ लागला. तिथले कामगार त्याला 'सुरत' म्हणत आणि सतत तुटणाऱ्या धाग्यामुळे त्याला शिव्या देत. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी ते युद्ध संपले. तेजी ओसरली तरी खानदेश-वऱ्हाडचा कापूस पुढे याच वाटेने मुंबई बंदरात उतरत राहिला. ब्लॅकबर्नचे माग तर आपल्यासाठी धोतरे विणण्याबद्दलच प्रसिद्ध होते. त्यामुळे १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन कामगारांना भेटले, तेव्हा स्वदेशीचा फटका बसलेलीच माणसे त्यांच्यासमोर उभी होती, आणि त्यांनी गांधीजींचे प्रेमाने स्वागत केले.

या गिरणगावात १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघाने बड्या घरच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्सला हरवून एफए कप जिंकला. संघामागे पैसा होता लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या सिडनी येट्स यांचा. सामन्याआधी खेळाडूंना सरावासाठी ब्लॅकपूलला नेले गेले, तेही त्यांच्याच खर्चाने. कारखानदाराला गावात मान हवा होता, कामगारांना आपला संघ हवा होता. पण धनवान शेजाऱ्यापुढे हा संघ टिकला नाही आणि १८८९ मध्ये बंद पडला. तो शेजारी म्हणजे १८७५ साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स.

शंभर वर्षांनी रोव्हर्सला जॅक वॉकर भेटले. ते त्याच गावचे, लहानपणापासून याच संघाचे चाहते. पोलादाचा धंदा विकून आलेला पैसा त्यांनी क्लबमध्ये ओतला. १९९५ साली रोव्हर्सने प्रीमियर लीग जिंकली. २००० साली वॉकर वारले आणि क्लब त्यांच्या ट्रस्टकडे राहिला.

नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकला गेला तो पुण्याला! बी. व्ही. राव यांनी उभ्या केलेल्या व्ही. एच. ग्रुपने, म्हणजे कोंबड्यांच्या व्यवसायातल्या आपल्या वेंकीजने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना तो घेतला. हेतू त्यांनी लपवला नाही. क्लबमुळे वेंकीजचे नाव जगभर पोचेल, असा हिशेब होता. रोव्हर्सचे खेळाडू चिकन खाताना दाखवणारी जाहिरातही निघाली. पण अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना महिनाभरात काढले गेले आणि मे २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. नाव झाले, पण असे! २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली गेला आणि पुढच्या वर्षी वर आला. तरी मालकांनी क्लब सोडला नाही, दरवर्षी तोटा भरत राहिले. आता त्यात जाहिरात किती, जिद्द किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

याच २०१० साली महिंद्राने आपला मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ बंद केला. २००५-०६ च्या राष्ट्रीय लीगचा हा विजेता. ज्या कंपनीची इंजिने इगतपुरीत बनतात, तिचा हा संघ कागदावरच्या एका निर्णयाने संपला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देऊ, असे कंपनीने सांगितले. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण कूपरेजवर त्यांच्यासाठी ओरडणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

ब्लॅकबर्नमध्ये मात्र १९६० च्या दशकापासून गुजरात आणि पाकिस्तानातून आलेले मुसलमान गिरण्यांच्या रात्रपाळ्यांत राबले. आज ब्लॅकबर्न-डार्वेनमध्ये एक तृतीयांशाहून जास्त लोक मुसलमान आहेत. २ मे २०२२ रोजी रोव्हर्सच्या ईवूड पार्क मैदानावर ईदुल फित्रची नमाज झाली. मैदानावर अशी नमाज होऊ देणारा तो इंग्लंडमधला पहिला क्लब ठरला. तेव्हा मालक कोणी शेख नव्हता, पुण्याचे एक हिंदू कुटुंब होते. पण याचे श्रेय मी मालकांपेक्षा त्या गावाला देतो. तिथे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले म्हणून ते मैदान त्यांचे झाले.

वक्फच्या मिळकतीचा मुतवल्ली असतो, मालक नसतो. तो कारभार पाहतो, पण मिळकत त्याची होत नाही. मला वाटते क्लबचेही असेच असावे. कायद्याने मात्र तसे नाही, म्हणून क्लब विकता येतो, बंद करता येतो आणि एखाद्या राजघराण्याची प्रतिमा उजळायलाही वापरता येतो. शेखसाहेबांचा पैसा आपल्या धर्माच्या माणसाचा आहे म्हणून हा प्रश्न आपल्याला माफ होत नाही. उलट आपण तो जास्त विचारायला हवा.

भाच्याला हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग आपला क्लब कुठला, मामू?" मी चिखलातल्या त्या पोरांकडे बोट दाखवले. चेंडू त्यांनी वर्गणी काढून आणला होता.