शिक्षकांची लेखणी

शिक्षणाविषयीचे ग्रंथ विचारवंतांनी लिहावेत, नियम अधिकाऱ्यांनी करावेत आणि त्यांबरहुकूम वर्ग मात्र शिक्षकाने चालवावा, अशी श्रमविभागणी आपल्या देशात दीर्घकाळ रूढ होती. शिक्षकांनी ग्रंथ लिहिलेच नाहीत असे नाही. दादोबा पांडुरंग हे स्वतः अध्यापक होते आणि त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. परंतु अशा ग्रंथांचा विषय भाषा, गणित अथवा भूगोल असे. समोर बसलेले मूल शिकते कसे, कंटाळते केव्हा, रडते का, हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो आणि त्यावर अधिकारवाणीने बोलण्याचा पहिला हक्क वर्गात उभ्या राहणाऱ्याचा आहे, ही जाणीव फार उशिरा आली. ती ज्यांनी रुजविली, त्यांतील तीन शिक्षकांची परंपरा भावनगरच्या एका टेकडीपासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या टेकडीपर्यंत पोहोचते.

या परंपरेचे मूळपुरुष गिजुभाई बधेका. त्यांचा जन्म १८८५ सालचा आणि मूळ व्यवसाय वकिलीचा. १९१३ साली पुत्रप्राप्ती झाली, तेव्हा या मुलाला शिकवावे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता मारिया मॉन्टेसोरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि वकिली मागे पडली. १९१६ साली ते नानाभाई भट्ट यांच्या भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० साली तेथे बालमंदिर निघाले आणि लवकरच तख्तेश्वराच्या मंदिराजवळील टेकडीवर त्याला स्वतःची वास्तू मिळाली. मुलांना मारावयाचे नाही, भीती घालावयाची नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवावयाचे नाही, हे तेथील व्रत होते.

पण गिजुभाई मॉन्टेसोरीबाईंचे केवळ अनुवादक नव्हते. काल्पनिक कथांविषयी बाई साशंक होत्या. गिजुभाईंना मात्र गोष्ट हे बालशिक्षणाचे प्राणतत्त्व वाटे. सौराष्ट्रातील लोककथा त्यांनी मुलांसाठी लिहून काढल्या आणि गोष्ट कोणती निवडावी, कशी सांगावी, हे शिक्षकांना समजावे म्हणून 'वार्तानुं शास्त्र' हा ग्रंथ रचला. वर्गात जे हाती लागे ते कागदावर उतरे आणि कागदावर उतरलेले पुन्हा वर्गात पारखले जाई. १९२५ साली बालमंदिराच्या जोडीला अध्यापनमंदिर सुरू झाले. भावी शिक्षकांनी पोथी घोकून प्रमाणपत्र घ्यावे यापेक्षा मुलांमध्ये बसून त्यांचे निरीक्षण करावे, ही तेथील रीत होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 'शिक्षणपत्रिका' हे त्याचे मुखपत्र झाले.

गिजुभाईंच्या ग्रंथसंपदेत 'दिवास्वप्न' या छोट्या पुस्तकाचे स्थान वेगळे आहे. त्यातील लक्ष्मीराम नावाचा शिक्षक एका शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. अधिकारी त्याला चौथीचा वर्ग देतो, मात्र वर्षअखेरीची परीक्षा चुकणार नाही याची आठवणही देतो. पुढे गोष्टी, खेळ, वाचनालय, स्वच्छता यांतून वर्ग कसा पालटत जातो, त्याची ही कथा. पहिल्याच दिवशी वर्गात उडणारा गोंधळ आणि लक्ष्मीरामाची फजिती लेखकाने झाकून ठेवलेली नाही. म्हणूनच नवख्या शिक्षकाला हे पुस्तक धीर देते. या कथेतील अधिकाऱ्याकडेही लक्ष दिले पाहिजे. तो क्रांतिकारक नाही. नियमांची चौकट त्याला ठाऊक आहे. पण त्या चौकटीत राहूनही तो एका धडपड्या शिक्षकाला वर्षभराची मोकळीक देतो. ती मोकळीक नसती तर प्रयोग झाला नसता आणि लिहावयासही काही उरले नसते.

या टेकडीवर १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. मुंबईत जन्मलेल्या, १९१४ सालच्या पदवीधर आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर काम केलेल्या ताराबाईंनी प्रतिष्ठेची वाट सोडून बालमंदिरातील लहान मुलांमध्ये बसणे पत्करले. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंबरोबर शिकविले, शिक्षक घडविले आणि गुजरातीत लेखन-संपादन केले. महाराष्ट्रात परतल्यावर, १९३३ साली, त्यांनी 'शिक्षणपत्रिका' मराठीतून सुरू केली. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला आणि तेथेही बालमंदिराशेजारी अध्यापनमंदिर आले. मॉन्टेसोरीबाई भारतात आल्या त्या १९३९ च्या अखेरीस. त्याच वर्षी २३ जून रोजी गिजुभाईंचे निधन झाले होते. त्यांनी लावलेले रोप मात्र तोवर मराठी मातीत रुजले होते.

ताराबाईंना एक शल्य बोचत होते. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग, त्यामुळे ही पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरती राहणार, अशी चिन्हे दिसत होती. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. किनाऱ्यावरचे शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, माती हीच तेथील साधने झाली. मोजणे शिकावयास शिंपला पुरतो आणि रंग ओळखावयास फूल पुरते, हे तेथे रोजच्या व्यवहाराने सिद्ध झाले. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ही कल्पना या अनुभवातून आकाराला आली.

बोर्डीला ताराबाईंबरोबर ज्या गेल्या त्या अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. शिक्षिकेची परीक्षा देऊन त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले आणि रात्रशाळेत शिकून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. ताराबाईंपाशी त्यांना जे मिळाले, ते कोणत्याही अध्यापन विद्यालयात मिळाले नसते. एका कार्यकर्तीने दुसरीच्या शेजारी बसून, मुलाकडे पाहावयाचे कसे हे वर्षानुवर्षे शिकावे, असे ते शिष्यत्व होते.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथील मूल शाळेत येत नसे, कारण त्याला गुरे राखावयाची असत, धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे असे. तेव्हा भावंडासाठी पाळणाघर निघाले आणि गुराख्यासाठी कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली, तिला 'विकासवाडी' हे नाव मिळाले. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. पुढचा भार अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या निधनापर्यंत वाहिला. खेड्यातील सेविकेला हाताशी धरता यावे म्हणून त्यांनी 'बालवाडी कशी चालवावी' यासारखी पुस्तके लिहिली आणि 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथनही लिहिले. त्यांच्या लेखनात अलंकार थोडे. वाचणारी बाई उद्या सकाळी वर्गात उभी राहणार आहे, याचे भान मात्र पदोपदी आहे.

१९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज अशा केंद्रांची संख्या १४ लाखांच्या आसपास आहे. मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही तो रोज उच्चारला जातो, ही या शिक्षिकांच्या कार्याची केवढी पावती! परंतु शब्दाचा प्रसार झाला म्हणजे दृष्टीचाही झाला, असे होत नाही. अंगणवाडीतील सेविका आजही लिहिते. पण ती बहुधा वजने, हजेरी आणि आहार यांच्या नोंदी करते. त्या आवश्यक आहेत, यात शंका नाही. कुपोषित मूल नोंदीवाचून सापडावयाचे नाही. मात्र एखादे मूल चार दिवस गप्प का होते आणि पाचव्या दिवशी कोणत्या गोष्टीने हसले, हे लिहावयास त्या नोंदवहीत रकाना नसतो.

गिजुभाई, ताराबाई आणि अनुताई यांची लेखणी नेमकी त्या रकान्याबाहेरच्या जागी चालली. त्यांनी पाहिले, लिहिले, आणि लिहिलेले पुढच्या शिक्षकाच्या हाती दिले. त्या शिक्षकानेही तेच करावे, ही अपेक्षा ठेवली. शासन इमारत देऊ शकते, वेतन देऊ शकते, योजना आखू शकते. ही साखळी पुढे चालू राहावयाची, तर त्याने सेविकेला आणखी एक गोष्ट दिली पाहिजे: मुलाकडे निवांत पाहण्याइतका वेळ, आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत मांडण्याचा मान.