माती म्हणजे नुसती चाळण नव्हे

गोठ्यातले शेणामुताचे पाणी मातीच्या थरातून झिरपू दिले तर खाली काय येईल? इंग्लंडमध्ये हक्स्टेबल यांनी हे करून पाहिले. खाली आलेल्या पाण्याला रंगही नव्हता, वासही नव्हता. थॉम्पसन या जमीनदाराने अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून सोडले, तेव्हा अमोनिया मातीत राहिला आणि खाली कॅल्शियम सल्फेट आले. विरघळलेला पदार्थ चाळणीने अडत नाही. जॉन थॉमस वे यांनी १८५० पासून या कोड्याचा पाठपुरावा केला आणि ही करामत वाळूची नसून चिकणमातीची आहे, असे दाखवले. लीबिगसारख्या दिग्गजाला मात्र ते सहजी पटले नाही!

आता विरघळलेल्या क्षारांऐवजी धातूचे अतिसूक्ष्म कण घेऊ. १८५७ मध्ये फॅरडेने सोन्याच्या अशा कणांचा माणकासारखा लाल द्रव बनवला. त्यात मीठ पडताच तो निळा झाला. कणांवरच्या सारख्या विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. मिठाने ते प्रतिकर्षण दुबळे होते आणि कण एकमेकांना चिकटतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, त्यामागेही बरेचसे हेच कारण असते. जमिनीतल्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार नॅनोकणांची अशीच गत करतात.

कण फार बारीक, तेव्हा तो सहज निसटेल, असे आपल्याला वाटते. पण १९७१ मध्ये याओ, हबीबियन आणि ओमेलिया यांनी वाळूच्या गाळणीचा हिशेब मांडला, तो वेगळाच निघाला. एक मायक्रोमीटरच्या आसपासचे कण सर्वांत कमी अडतात. त्याहून लहान कण सतत थरथरत असल्याने वाळूच्या दाण्यांवर अधिक वेळा आदळतात. आदळून चिकटतील की नाही, हे विद्युतभारावर ठरते. कुजलेल्या पाल्यातल्या ह्युमिक द्रव्याचे कवच चढले, तर ते पुष्कळ दूर जातात. गांडुळाचे बीळ सापडले, मग तर विचारायलाच नको.

अडकलेल्या कणाचे पुढे काय होते? जंतुनाशक म्हणून पायमोज्यांत घातलेली चांदी धुण्याच्या पाण्यातून सांडपाण्यात जाते. २०१० मध्ये अमेरिकेत सांडपाण्याच्या गाळात सिल्व्हर सल्फाइडचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण सापडले. दागिने काळे पडतात ते याच संयुगामुळे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जीवाणूंना त्याचा त्रास कमी होतो. पण चांदी नाहीशी होत नाही. हा गाळ तिकडे खत म्हणून शेतात पसरतात. मातीने धरलेला अमोनिया पीक उचलून नेते. चांदी मात्र बहुतेक जागीच राहते, आणि पुढच्या वर्षीच्या गाळाने तिच्यात भर पडते.